हृदयविकारानंतर वैमानिकाचे वैद्यकीय प्रमाणपत्र: परीक्षक नेमके काय पाहतो

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, स्टेंट बसवलेला किंवा बायपास झालेला वैमानिक काही महिन्यांनी आपल्या हृद्रोगतज्ज्ञाकडे जातो, तेव्हा त्याला बहुतेक वेळा दिलासा देणारे उत्तर मिळते. तब्येत सुधारली आहे, औषधे लागू पडली आहेत, कामधंदा पूर्ववत सुरू करायला हरकत नाही. तोच अहवाल घेऊन तो विमानचालन वैद्यकीय परीक्षकासमोर बसतो आणि तिथे प्रमाणपत्र अडते. वैमानिकाला हा विरोधाभास वाटतो, पुष्कळदा अन्यायही वाटतो. प्रत्यक्षात दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे दिलेली असतात. उपचार करणारा डॉक्टर पाहतो की या माणसाला आज बरे वाटते आहे का आणि त्याचे आयुष्य वाढवण्यासाठी आणखी काय करता येईल. परीक्षक पाहतो की येत्या वर्षभरात, विमान हातात असताना, हा माणूस अचानक निकामी होण्याची शक्यता किती आहे आणि ती कमी असल्याचा पुरावा कागदावर आहे का. हा दुसरा प्रश्न नीट समजला की प्रमाणपत्राची सगळी प्रक्रिया, तिच्यातल्या चाचण्या, थांबण्याचा काळ आणि निर्बंध, यांचा अर्थ लागू लागतो.

एक टक्का आणि त्यामागचे गणित

या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने द्यायचे नसेल, तर धोक्याची काही मोजता येण्याजोगी मर्यादा लागते. १९८० च्या दशकात युरोपात, विशेषतः ब्रिटनमधल्या हृद्रोगतज्ज्ञांच्या चर्चांमधून, अशी एक मर्यादा पुढे आली आणि ती 'एक टक्क्याचा नियम' म्हणून ओळखली जाते. वैमानिक वैद्यकीय कारणाने अचानक निकामी होण्याची शक्यता वर्षाला १ टक्क्यापेक्षा कमी असेल, तर दोन वैमानिकांच्या विमानात त्याला उडू देणे स्वीकारार्ह मानावे, असा तो नियम आहे.

हा आकडा कुठून आला हे पाहण्यासारखे आहे. वर्षात ८,७६० तास असतात. हिशेबाच्या सोयीसाठी ते १०,००० धरले, तर वर्षाला १ टक्का म्हणजे साधारण १० लाख तासांत एकदा. पण वैमानिक उड्डाणात कोणत्याही क्षणी कोसळला तरी विमान पडेलच असे नाही. साधारण तासाभराचे उड्डाण धरले, तर जमिनीजवळचे, जीव मुठीत धरण्याजोगे क्षण, म्हणजे उड्डाण घेणे आणि उतरणे, हे सुमारे एक दशांश वेळाचे असतात. म्हणजे शक्यता १ कोटी तासांत एकदा इतकी खाली येते. अशा क्षणीही शेजारचा प्रशिक्षित वैमानिक बहुतेक वेळा विमान सावरतो. १०० पैकी एका प्रसंगी तो सावरू शकणार नाही असे या हिशेबात गृहीत धरले आहे. त्यामुळे शक्यता १०० कोटी तासांत एकदा इतकी उरते. दुसऱ्या बाजूने, सर्व कारणांनी होणारे जीवघेणे अपघात १ कोटी तासांत एकापेक्षा जास्त नसावेत, त्यांत कोणत्याही एका घटकाचा वाटा एक दशांशापेक्षा जास्त नसावा आणि वैमानिकाचे अचानक निकामी होणे हा त्या घटकाचाही एक दशांश भाग असावा, असे उद्दिष्ट धरले, तरीही आकडा तोच येतो: १०० कोटी तासांत एकदा.

या गणितातली दुसऱ्या वैमानिकाची जागा लक्षात ठेवावी. त्याच्यामुळे धोका शंभर पटीने कमी होतो. म्हणून युरोपीय नियमांत हृदयविकारातून बरे झालेल्या व्यावसायिक वैमानिकाला पहिल्या वर्गाचे प्रमाणपत्र परत मिळते, तेव्हा त्यावर सहसा 'ओएमएल' हा निर्बंध असतो. म्हणजे त्याने पात्र अशा दुसऱ्या वैमानिकासोबतच उडायचे. अनेकांना हा शेरा कमीपणाचा वाटतो. मला तो तसा वाटत नाही, कारण हा शेरा नसता तर त्याच माणसाला विमानाजवळही फिरकता आले नसते. काही देश १ ऐवजी २ टक्क्यांची मर्यादाही वापरतात, त्यामुळे एकाच अहवालावर दोन देशांत दोन वेगळे निर्णय होऊ शकतात.

नियम ज्या अपघातांतून घट्ट झाले

१८ जून १९७२ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून ब्रसेल्सला निघालेले ट्रायडंट जातीचे विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच स्टेन्स या गावाजवळ कोसळले आणि त्यातले सर्व ११८ जण मरण पावले. पंखांच्या पुढच्या कडेचे, कमी वेगात विमानाला उचलून धरणारे भाग वेळेआधीच आत घेतले गेले होते. कप्तानाच्या शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा बळावलेला विकार आढळला आणि एका रक्तवाहिनीच्या भिंतीला मृत्यूच्या थोडाच वेळ आधी इजा झाल्याची चिन्हेही दिसली. या आजाराचा आधी कोणालाच पत्ता नव्हता. नेमाने होणाऱ्या तपासण्यांतही तो दिसला नव्हता. चौकशी अहवालाने त्याच्या हृदयाच्या अवस्थेमुळे एकाग्रता आणि निर्णयशक्ती ढळली असावी, हे मूळ कारणांमध्ये नोंदवले.

या घटनेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की विश्रांतीत काढलेला ईसीजी बहुधा घडून गेलेल्या गोष्टी दाखवतो. उद्या काय होईल हे त्यातून फारसे कळत नाही. दुसरी अशी की निकामी होणे म्हणजे दर वेळी कोसळणे नव्हे. छातीतली कळ, घाम, अस्वस्थता आणि त्यामुळे चुकीच्या वेळी ओढला गेलेला एक दांडा, एवढेही पुरेसे असते. असे अर्धवट निकामी होणे जास्त धोक्याचे असते, कारण शेजारच्याला ते कळायलाच उशीर होतो. लागोपाठ दोनदा विचारूनही योग्य प्रतिसाद आला नाही तर समोरचा निकामी झाला असे समजून ताबा घ्यायचा, हे वैमानिकांना शिकवले जाते ते याच कारणासाठी.

योगायोगाने १८ जून याच तारखेला, २००९ मध्ये, याच्या उलट घडले. ब्रसेल्सहून नेवार्ककडे निघालेल्या काँटिनेंटल एअरलाइन्सच्या बोइंग ७७७ विमानाचा ६० वर्षांचा कप्तान अटलांटिक महासागरावर असताना मरण पावला. उरलेल्या दोन वैमानिकांनी विमान सुखरूप उतरवले. वर मांडलेले गणित प्रत्यक्षात कसे उतरते याचे याहून स्पष्ट उदाहरण देता येणार नाही.

तिसरी घटना सर्वांत क्लेशदायक आहे, कारण ती टाळता आली असती. २२ एप्रिल १९६६ रोजी अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या आर्डमोर इथे अमेरिकन फ्लायर्स या कंपनीचे इलेक्ट्रा विमान उतरण्याच्या बेतात असताना टेकडीवर आदळले आणि ८३ जण मरण पावले. कप्तानाचे हृदय ऐन वेळी दगा देऊन गेले होते. त्याला हृदयविकार आणि मधुमेह होता आणि वैद्यकीय प्रमाणपत्राच्या अर्जात त्याने हे दोन्ही लपवले होते.

कोणता विकार, कोणता प्रश्न

जगभरच्या नियमांचा पाया आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, पहिल्या परिशिष्टात आहे. त्यात असे म्हटले आहे की झटका येऊन गेलेला, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेला उमेदवार अपात्र ठरवावा. मात्र त्याची उत्तम वैद्यकीय पद्धतीने तपासणी झाली असेल आणि त्याचा विकार सुरक्षित उड्डाणाच्या आड येण्याजोगा नाही असे ठरले असेल, तर त्याला पात्र धरता येते. वाक्याचा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. आधी नकार आणि मग पुराव्याने उघडणारे दार, अशी ही रचना आहे आणि बहुतेक देशांनी ती आपापल्या शब्दांत उतरवली आहे.

अमेरिकेच्या एफएए या नियामक संस्थेच्या यादीत प्रमाणपत्राला थेट अपात्र ठरवणारे १५ विकार आहेत. त्यांतले सहा हृदयाचे आहेत: झटका, अंजायना म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने येणारी छातीतली कळ, उपचार घ्यावा लागलेला किंवा लक्षणे देणारा रक्तवाहिन्यांचा विकार, बदललेली झडप, कायमचा पेसमेकर आणि हृदयाचे प्रत्यारोपण. यांपैकी काही असेल तर स्थानिक परीक्षक स्वतःच्या अधिकारात प्रमाणपत्र देऊ शकत नाही. त्याला प्रकरण वर पाठवावे लागते. तिथे कागदपत्रे समाधानकारक वाटली तर 'स्पेशल इश्युअन्स' नावाची मुदतबंद परवानगी मिळते आणि ठरलेल्या चाचण्या पुन्हा देऊन ती वेळोवेळी वाढवून घ्यावी लागते. यादीत नाव असणे म्हणजे उड्डाण कायमचे संपले, असा समज करून घेणे चूक आहे.

रक्तवाहिन्यांच्या विकारात परीक्षकाला तीन गोष्टी हव्या असतात. हृदयाचा स्नायू किती वाचला, उरलेल्या वाहिन्यांची स्थिती काय आहे आणि श्रम पडल्यावर हृदयाला रक्त कमी पडते का. युरोपीय नियमांत पहिल्या वर्गासाठी यांचे आकडे स्पष्ट दिलेले आहेत. घटनेला किंवा शस्त्रक्रियेला निदान सहा महिने झालेले असावेत. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डाव्या जवनिकेची (खालच्या कप्प्याची) रक्त फेकण्याची क्षमता, जिला डॉक्टर 'ईएफ' म्हणतात, ती ५० टक्के किंवा जास्त असावी. अँजिओग्राफीत उपचार न केलेल्या कोणत्याही मोठ्या वाहिनीत, बायपासच्या जोडवाहिनीत किंवा स्टेंटच्या जागी ५० टक्क्यांहून जास्त अरुंदपणा नसावा. डाव्या मुख्य वाहिनीत आणि तिच्या पुढच्या फाट्याच्या सुरुवातीच्या भागात मात्र ही मर्यादा ३० टक्के आहे, कारण तिथे अडथळा आला तर हृदयाचा मोठा भाग एकदम उपाशी राहतो. सहा महिने थांबण्यामागेही कारण आहे. पुन्हा झटका येण्याची, स्टेंट बंद पडण्याची किंवा ठोके बिघडण्याची शक्यता सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत जास्त असते आणि नंतर ती घटत जाते.

ठोक्यांच्या अनियमिततेत प्रश्न वेगळे असतात. अनियमितता पुन्हा येते का, आली तर भोवळ येते का, ती ज्या कारणाने आली ते कारण मिटले का आणि पक्षाघाताचा धोका किती. अमेरिकेच्या पहिल्या सात अंतराळवीरांपैकी डीक स्लेटन यांना १९६२ मध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची विस्कळीत थरथर, या कारणाने त्यांच्या ठरलेल्या उड्डाणावरून उतरवण्यात आले. त्यांना १९७२ मध्ये पुन्हा पात्र ठरवण्यात आले आणि जुलै १९७५ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, ते अपोलो-सोयुझ मोहिमेत अंतराळात गेले. त्या दहा वर्षांत त्यांनी तब्येतीची नोंद सोडली नाही आणि तपासण्याही सोडल्या नाहीत, म्हणून दार उघडण्याची वेळ आली तेव्हा त्यांच्यापाशी दाखवायला काहीतरी होते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा परिणाम स्थिर आहे हेही दाखवावे लागते. उदाहरणार्थ, युरोपात वॉरफरिन घेणाऱ्याला सहा महिन्यांतल्या किमान पाच आयएनआर तपासण्या (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे मोजणाऱ्या) सादर कराव्या लागतात आणि त्यांतल्या किमान चार ठरलेल्या मर्यादेत असाव्या लागतात. पेसमेकरच्या बाबतीत उपकरण बंद पडले तर हृदय स्वतःच्या बळावर चालते का, हा मुख्य प्रश्न असतो. छातीत बसवलेले आणि आपोआप विजेचा झटका देणारे आयसीडी हे उपकरण असेल तर पहिल्या वर्गाचे प्रमाणपत्र मिळत नाही. उपकरण धडधाकट असले तरी ते बसवावे लागले यातच धोक्याची कबुली आहे. बदललेल्या झडपा आणि बालपणी दुरुस्त केलेली जन्मजात व्यंगे यांचाही याच धर्तीवर, प्रकरणागणिक, विचार होतो.

ट्रेडमिलवरची नऊ मिनिटे

चाचण्यांमध्ये वैमानिकाच्या स्वतःच्या तयारीने ज्या चाचणीत फरक पडतो, ती स्ट्रेस टेस्ट आहे. ती बहुधा ब्रूस पद्धतीने होते. दर तीन मिनिटांनी ट्रेडमिलचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात. सुरुवात ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ अशी असते. तिसऱ्या टप्प्यात वेग साडेपाच किलोमीटर आणि चढ १४ टक्के होतो. चौथ्यात वेग ६.७ किलोमीटर आणि चढ १६ टक्के. तिसरा टप्पा पूर्ण करणे म्हणजे नऊ मिनिटे टिकणे. युरोपीय नियमांत चौथ्या टप्प्यापर्यंत किंवा त्याच्या तोडीचा श्रम अपेक्षित असतो.

पाय दुखले म्हणून पाच मिनिटांत थांबलेल्या माणसाचा ईसीजी कितीही स्वच्छ असला तरी त्याचा उपयोग होत नाही, कारण हृदयावर पुरेसा ताण पडलाच नाही आणि प्रश्न अनुत्तरित राहिला. म्हणून चाचणीच्या आधी काही आठवडे, हृद्रोगतज्ज्ञाच्या परवानगीने, चढावर चालण्याचा सराव करणे शहाणपणाचे आहे. बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या ठोक्यांची गती दाबून ठेवतात आणि त्यामुळे वयानुसार अपेक्षित गती, जी ढोबळपणे २२० वजा वय अशी काढतात, गाठता येत नाही. चाचणीपुरती ही गोळी थांबवावी का, हे केवळ उपचार करणाऱ्या डॉक्टरनेच ठरवायचे आहे. ती मनाने बंद केल्यास ठोके आणि रक्तदाब उसळू शकतात आणि झटका येऊन गेलेल्या माणसाला ते महागात पडते.

इथे एक अडचण नेहमी येते आणि तिच्याबद्दल वैमानिकांना आधी कोणी सांगत नाही. काहीच त्रास नसलेल्या रुग्णाची दर वर्षी स्ट्रेस टेस्ट करावी असे आजचे हृद्रोगशास्त्र सांगत नाही. त्यामुळे उपचार करणारा डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणतो की ही चाचणी अनावश्यक आहे आणि विमा कंपनीही खर्च नाकारते. डॉक्टरांशी वाद घालण्यापेक्षा नियामक संस्थेची चाचण्यांची लेखी यादीच त्यांच्यासमोर ठेवावी आणि ही तपासणी उपचारासाठी नसून परवान्यासाठी आहे, हे स्पष्ट करावे.

कागद

प्रमाणपत्र पुष्कळदा हृदयामुळे नव्हे, तर अपुऱ्या कागदांमुळे महिनोन्‌महिने रखडते. 'उड्डाणास योग्य' असे एका ओळीत लिहिलेले डॉक्टरांचे पत्र जवळजवळ निरुपयोगी असते. परीक्षण करणाऱ्याला डिस्चार्ज समरी, शस्त्रक्रियेची टिपणी, अँजिओग्राफीचा अहवाल आणि तिची मूळ चित्रफीत, इकोचा अहवाल, स्ट्रेस टेस्टचे केवळ निष्कर्ष नव्हे तर ईसीजीचे प्रत्यक्ष आलेख, रक्तातली साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्या तपासण्या आणि हृद्रोगतज्ज्ञाचे सविस्तर पत्र हवे असते. त्या पत्रात आजची लक्षणे, औषधांची नावे आणि मात्रा, त्यांचे दुष्परिणाम, धूम्रपान, वजन आणि पुढील उपचारांचा बेत हे सर्व यावे. इस्पितळातून घरी जातानाच या सगळ्याच्या प्रती मागून घ्याव्यात. दोन वर्षांनी त्या शोधणे फार जिकिरीचे होते.

अर्धवट फाइल घेऊन परीक्षकाकडे घाईने जाऊ नये. अमेरिकेतल्या खासगी वैमानिकांच्या बाबतीत तर याचा मोठा तोटा होऊ शकतो. तिथे १ मे २०१७ पासून 'बेसिकमेड' ही सोय आहे. तिच्यात साध्या परवानाधारक डॉक्टरकडून दर चार वर्षांनी तपासणी करून आणि दर दोन वर्षांनी एक अभ्यासक्रम पूर्ण करून, विशिष्ट मर्यादेतली विमाने उडवता येतात. झटका, उपचार घ्यावा लागलेला रक्तवाहिन्यांचा विकार किंवा बदललेली झडप असेल, तर त्या विकारासाठी एकदाच स्पेशल इश्युअन्स मिळवावे लागते आणि त्यानंतर ही वाट मोकळी होते. पण सर्वांत अलीकडचा अर्ज नाकारला गेलेला असेल तर बेसिकमेड वापरता येत नाही आणि वाहनचालक परवान्याच्या आधारे हलकी क्रीडाविमाने उडवण्याची मुभाही जाते. अर्ज करायचाच असेल तर आधी परीक्षकाशी केवळ सल्लामसलत करावी, फाइल पूर्ण करावी आणि मगच औपचारिक तपासणीला बसावे.

अर्जात काहीही लपवू नये, हे आर्डमोरच्या ८३ मृत्यूंनंतर वेगळे सांगण्याची गरज नाही, तरीही मी आग्रहाने सांगतो. अमेरिकेच्या अर्जात आयुष्यात कधीही झालेला हृदयाचा त्रास विचारलेला असतो. खोटे उत्तर दिल्यास अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय वैमानिकाचे सर्व परवाने रद्द होऊ शकतात. खरे सांगितलेला स्टेंट बहुतेक वेळा काही महिन्यांचे प्रकरण असते. लपवलेला स्टेंट पुढे उघडकीस आला की वैद्यकीय प्रश्न मागे पडतो आणि विश्वासाचा प्रश्न उभा राहतो.

प्रमाणपत्र मिळाल्यानंतर

खिशात वैध प्रमाणपत्र असणे आणि आज उडण्यास योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या आणि युरोपच्या दोन्ही नियमांत ही जबाबदारी वैमानिकावरच टाकली आहे: आपली प्रकृती प्रमाणपत्राच्या अटींत बसत नाही असे कळताच त्याने स्वतःहून उड्डाण थांबवायचे. जिना चढताना नव्याने लागणारा दम, जबड्यात किंवा डाव्या हातात उतरणारी कळ, छातीत अचानक सुरू झालेली धडधड, क्षणभर आलेली अंधारी, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तपासणीपर्यंत वाट पाहायची नसते.

औषधांतला बदलही असाच आहे. एकच गोळी एका कारणासाठी दिली तर चालते आणि दुसऱ्या कारणासाठी दिली तर चालत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणारी, रक्तदाब सांभाळणारी आणि पुढचा झटका टाळणारी औषधे नियमित घेणे ही युरोपीय नियमांत अपेक्षाच आहे. मात्र केवळ छातीतली कळ दाबण्यासाठी औषध लागत असेल, तर पात्रता जाते, कारण कळ आहे याचाच अर्थ हृदयाला रक्त कमी पडते आहे. जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी अनेक डॉक्टर बरे झालेल्या रुग्णालाही सावधगिरी म्हणून लिहून देतात आणि ती वर्षानुवर्षे औषधांच्या यादीत तशीच राहते. ती कधीच वापरली नसेल, तर यादी परीक्षकाकडे पोहोचण्यापूर्वी हृद्रोगतज्ज्ञाला भेटून तिची खरोखर गरज आहे का हे विचारावे आणि त्याचे उत्तर, ते काहीही असले तरी, पत्रात लिहून घ्यावे.